टोपाला कशाला नाव?

मी नटनट्यांचे केसांचे टोप दुरुस्त करतो. प्रयोग संपला की टोप माझ्याकडं येतो, घामानं ओला, कपाळाकडच्या जाळीला गोंद चिकटलेला. गोंद स्पिरिटनं सोडवायचा, केस टोकाकडून मुळाकडं विंचरायचे, टक्कल पडलंय तिथं बारीक आकड्यानं एकेक केस गाठ मारून बसवायचा. नटी बदलली, डोकं लहान निघालं, की मानेपाशी चुणी घालून टोप आवळायचा. डोळे फुटायची वेळ येते साला.

बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) शालूंचं कौतुक आपण ऐकतच मोठे झालो. पण पुरुष बाई व्हायचा म्हणजे डोक्यावर परके केस आलेच. ते रोज कोण विंचरत होतं?

आणि हे केस येतात कुठून? तिरुपतीला भाविकांनी उतरवलेले, देवस्थानानं लिलावात विकलेले. नाहीतर फणीत गळलेले, भटक्या जमातींच्या बायांनी दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात गोळा केलेले. त्या बाईला उंबऱ्याबाहेर उभी करतात. तिच्या झोळीतला गुंता मात्र महाराणी होऊन टाळ्या घेतो!

परवा एका निर्मात्याला म्हणलं, जाहिरातीत माझं नाव टाका. हसला. "टोपाला कशाला रे नाव?"

शनिवारच्या प्रयोगाचा टोप अजून माझ्याच खोलीत आहे.