नेमबाजी, नियम आणि दादासाहेब मावळंकर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. तेव्हापासून सुरतेच्या मराठी घरांतून एक प्रश्न अधूनमधून कानी येतो : मुलाला नेमबाजी शिकवायची, तर घरात बंदूक ठेवण्यास सरकारची परवानगी लागते काय? विचारणाऱ्या बहुधा माता असतात आणि प्रश्नात हौसेपेक्षा धास्तीच अधिक असते. ती अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये.

उत्तर असे. शाळकरी मूल ज्या हवेच्या रायफलीवर हात बसविते, तिची नळी ०.१७७ इंचापर्यंत आणि शक्ती २० जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. स्वप्नीलची ०.२२ ची रायफल मात्र काडतुसाची. तिला परवाना हवा आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज तो मिळत नाही. त्याआधी, १२ वर्षांवरील मुलाला प्रशिक्षणापुरती आणि देखरेखीखालीच ती हाताळता येते. परवान्याचा अर्ज सुरत शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

जिज्ञासू वाचकाने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. यांपैकी २१ वर्षांची अट तेवढी १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, आणि तीही १९८३ च्या दुरुस्तीने आलेली. बारा वर्षे आणि वीस जूल हे आकडे कायद्याच्या कलमांत शोधून सापडणार नाहीत. ते गृहमंत्रालयाने केलेल्या २०१६ च्या शस्त्र नियमांतले. कायदा संसद करते, नियम मंत्रालय करते. आणि आपल्या उंबरठ्यापर्यंत चालत येतो तो बहुधा नियमच.

या नियमांवर नजर कोणाची? या प्रश्नाच्या पोटात गुजरातेतील एका मराठी घराण्याची हकीकत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे हे घराणे गुजरातेत स्थायिक झाले. त्यातील गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर बडोद्यास १८८८ मध्ये जन्मले, अहमदाबादेस वकील झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, ती यांच्याच पुढाकाराने. नेमबाजांत ‘मावळंकर’ हे नाव आजही स्पर्धेचे नाव म्हणून घेतले जाते. राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी म्हणून ती ओळखली जात आली आहे. ते नाव आपल्या शेजारच्या अहमदाबादकराचे आहे, हे पदके आणणाऱ्या मुलांनाही कित्येकदा ठाऊक नसते!

गांधीजींचा अनुयायी, तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार बंद्यांवर गुजरातीत मायेने पुस्तक लिहिणारा हा गृहस्थ, आणि रायफल संघटना? मला यात विसंगती दिसत नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळी जो शस्त्र कायदा आला, त्याच्या कचाट्यातून युरोपियनांना सूट होती आणि एतद्देशीयांना परवान्यासाठी साहेबाच्या दारी उभे राहावे लागे. ती बोच इतकी खोल होती की, काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला देऊ केलेला आहे. पुढे १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना आणली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. माझ्या मते आंबेडकरांचेच बरोबर होते. हक्क नाही, मनाईही नाही. मग उरते ती शिस्त, आणि नेमबाजीचा खेळ म्हणजे शिस्तीवाचून दुसरे काय आहे?

दादासाहेबांच्याच अध्यक्षतेच्या काळात, १९५३ मध्ये, लोकसभेची अधीनस्थ विधान समिती प्रथम नेमली गेली. कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर मंत्रालयाचा नियम जातो काय, हे पाहणे तिचे काम. सदस्य अध्यक्षांनी नेमायचे. मंत्र्याला तेथे जागा नाही. दादासाहेब १९५६ मध्ये निवर्तले. शस्त्र कायदा त्यांनी पाहिला नाही. पण त्याच्या ४४ व्या कलमात प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवण्याची अट आहे. त्या मुदतीत संसद नियम बदलू शकते, रद्दही करू शकते. कागद पटलावर पडून राहतो आणि मुदत उलटून जाते, हेच बहुधा घडते, हा भाग निराळा.

आवाज उठला तर काय होते, हे २०१९ मध्ये दिसले. १९८३ पासून एका परवानाधारकास तीन बंदुका ठेवता येत. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला आलेल्या विधेयकात त्यांची एकच करावी असे होते. हरकती आल्या, पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही पत्र लिहिले, अखेर संख्या दोनवर आली. ९ डिसेंबरला लोकसभा, १० डिसेंबरला राज्यसभा, असे अवघ्या बारा दिवसांत काम उरकले. विधेयक स्थायी समितीकडे गेलेच नाही, हे मला रुचले नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ही तरतूद मात्र त्याच दुरुस्तीतली, आणि ती उत्तम आहे.

खेळाडूंचे काय? रायफल क्लबच्या सभासदाला सरावाच्या ०.२२ रायफलीसाठी संख्येच्या मर्यादेतून सूट १९८३ पासून कायद्यातच आहे. छऱ्याच्या बंदुकीवर नेम धरणाऱ्यांसारख्या इतर खेळाडूंची सूट मात्र अधिसूचनेवर उभी आहे. २०२० च्या फेब्रुवारीत ती नव्याने निघाली. ४१ व्या कलमान्वये सरकार सूट देऊ शकते, तशीच काढूनही घेऊ शकते. ज्या घरात मूल पाच-सहा वर्षे पहाटे उठून सराव करते, त्या घराने ही सूट कायद्याच्या कलमात यावी, असा आग्रह धरणे गैर नाही.

त्यासाठी खासदारांना पत्र लिहावे. लोकसभेत प्रश्न विचारणे त्यांच्या हाती आहे. लिहिताना एवढे पाहावे की, लिंबायत, उधना आणि मजुरा ही आपली वस्ती सुरत शहरात असली, तरी लोकसभेसाठी ती नवसारी मतदारसंघात मोडते. सुरतेच्या खासदारांना पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये.