प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि शेजारचे पिंप

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही तिचा समावेश आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि, एवढ्या खर्चाने व कष्टाने वाचविलेला जीव पावसाळ्यात एका डासाच्या दंशाने पुन्हा धोक्यात येत असेल, तर आपल्या आरोग्यविषयक नियोजनाचा फेरविचार करणे क्रमप्राप्त ठरते.

परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम मंद ठेवावी लागते व ही औषधे मूत्रपिंड टिकेल तोवर घ्यावी लागतात. अशा माणसाला डेंग्यू झाला, तर कधी ताप फारसा चढत नाही, रक्तातील प्रतिपिंडेही उशिरा दिसतात आणि निदान लांबते. या रोगात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. तो भरून काढताना पाणी कमी पडले तर मूत्रपिंडाला इजा होते, अधिक झाले तर ते फुप्फुसात साठते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी केली तर मूत्रपिंड नाकारले जाण्याची भीती. तशीच चालू ठेवली तर संसर्ग बळावण्याची. वेळेवर उपचार मिळालेले अनेक रुग्ण बरे होतात. पण ही तारेवरची कसरत प्रत्येक डॉक्टरला व प्रत्येक गावी साधेलच असे नाही.

लस हाही येथे उपाय नव्हे. डेंग्यूवरील ज्या लशींना आजवर विविध देशांत मान्यता मिळाली, त्या जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंपासून बनविलेल्या आहेत. त्यामुळे प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णांना त्या देता येत नाहीत. म्हणजे या माणसाचे संरक्षण बव्हंशी त्याच्या परिसरावर, शेजाऱ्याच्या पिंपावर आणि गच्चीवरील उघड्या टाकीवर अवलंबून राहते.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न उभा राहतो. एडिस डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि सुमारे आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ पाळणाऱ्या कुटुंबाला श्रम स्वतः सोसावे लागतात. लाभ मात्र साऱ्या आळीला मिळतो. साहजिकच प्रत्येक जण ते काम दुसऱ्यावर ढकलतो. असे काम व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडून चालत नाही. ते नगरपालिकेनेच करावयाचे असते. शिवाय, जेथे नळाला दिवसाआड पाणी येते तेथे पिंप भरून ठेवणे ही बेफिकिरी नव्हे, नाइलाज आहे. अशा घरांना केवळ दंडाच्या नोटिसा देणे अन्यायाचे होईल.

परंतु आपल्याकडे साथ आली की धुराची गाडी फिरते. त्या धुराने उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात. शस्त्रक्रियेचे छायाचित्र छापून येते; वर्षभर घरोघर पिंपे तपासणाऱ्या कामगाराचे येत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात त्याचे पद रिकामे ठेवणे सोपे जाते.

अशा रुग्णांची संख्या थोडी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण नियमित पाणीपुरवठा, टाक्यांना झाकणे, वर्षभराची तपासणी व तालुक्याच्या रुग्णालयात त्वरित रक्तचाचणी यांचा लाभ लहान मुलांना, गर्भवतींना, सर्वांनाच मिळणार आहे. भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगच देतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. एखाद्या मातेने आपल्या देहातला एक अवयव मुलाला दिला असेल, तर त्याच्या गल्लीतील पाण्याची साठवण सुरक्षित करणे, एवढे तरी शासनाने आपले कर्तव्य मानले पाहिजे.