जुन्या झांजेचे वय

घरातील कर्त्या माणसाच्या पश्चात उरलेल्या वस्तूंपैकी दागिन्यांना, भांड्यांना आणि पुस्तकांना वारस मिळतो. ज्या वस्तूची ओळख कोणास नाही, ती मोडीत जाते. तबला-पेटी ओळखणारी माणसे आपल्या समाजात घरोघर आहेत. परंतु विलायती ड्रमसंचातील मोठी झांज, जिला वादक ‘सिंबल’ म्हणतात, ती माळ्यावरून खाली आली की बहुधा वजनावर विकली जाते, नाही तर चिंच-राखेने घासून शोभेसाठी भिंतीवर टांगली जाते. आमच्या मते दुसरा मार्ग पहिल्याइतकाच घातक आहे. तो कसा, हेच या वेळी सांगावयाचे आहे.

अशी झांज आपल्या घरांत सापडावी यात नवल नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या पदरी विलायती वाद्यांचे बँड होते. गोमंतकातील अनेक वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत उभे आयुष्य घालविले. त्यांतील बहुतेकांची नावे ना पडद्यावर आली, ना तबकडीवर. अशा वादकाच्या कष्टांचा घरात उरलेला पुरावा कधी कधी ही एक तबकडीच असते. म्हणून ती नीट वाचता आली पाहिजे.

प्रथम धातू पाहावा. उत्तम सिंबलची धातू म्हणजे सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील. म्हणजे आपल्या कांशाचीच ती जवळची बहीण. आरतीच्या झांजेचा आणि तिचा घराणा एकच. स्वस्त सिंबल पितळेचे असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि त्याचा नाद लवकर विझतो. कांसे ठणठणीत खरे, पण ठिसूळ. वाकवून पाहिले की तडकलेच म्हणून समजावे.

मग ठसा शोधावा. या वाद्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नाव झिल्जियन घराण्याचे. अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने सतराव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टॅन्टिनोपल येथे या मिश्रधातूचे मर्म साधले, आणि १६२३ हे या व्यवसायाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज. झिल्जियन म्हणजे झांजा करणाऱ्याचा वंशज. आपल्याकडील कासार, तांबट या आडनावांसारखेच हे नाव आहे. याच घराण्यातील दुसऱ्या एका अवेदिसने १९२९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात कारखाना काढला. तुर्कस्तानातील शाखा केरोप या पूर्वजाच्या आद्याक्षरावरून ‘के’ या नावाने ओळखली जाई.

येथेच पहिला चकवा आहे. ठशात चंद्रकोर, तारा आणि अरबी वळणाची अक्षरे दिसली की झांज शंभर वर्षांपूर्वीची आणि तुर्कस्तानातील, असे घरचे लोक अभिमानाने सांगू लागतात. वास्तविक तुर्कस्तानने ती लिपी १९२८ मध्येच सोडून रोमन अक्षरे स्वीकारली. त्यानंतर निघालेल्या अमेरिकेतील कारखान्याने मात्र ती जुनी अक्षरे व्यापारचिन्ह म्हणून पुढे कित्येक दशके ठशात ठेवली. तेव्हा लिपीवरून वय ठरत नाही. त्याच ठशात खाली ‘मेड इन यू. एस. ए.’ अशी बारीक अक्षरे आहेत का, ते आधी पाहावे. ती असली तर झांज १९२९ च्या आधीची असूच शकत नाही. ‘कॉन्स्टॅन्टिनोपल’ हा शब्द असेल तर मात्र ती तुर्कस्तानातील जुन्या काळची असण्याचा संभव मोठा. ‘इस्तंबूल’ असेल तर त्यानंतरची.

वय ठरविण्याची खरी रीत अशीच, ‘याच्या आधीची नव्हे’ आणि ‘याच्या नंतरची नव्हे’ अशा दोन कुंपणांची आहे. झिल्जियन बंधूंत फूट पडून रॉबर्ट यांनी १९८१ मध्ये कॅनडात ‘सेबियन’ ही कंपनी काढली; सॅली, बिली आणि अँडी या आपल्या तीन मुलांच्या नावांतील अक्षरे जुळवून त्यांनी ते नाव केले. अर्थात त्या नावाची झांज १९८१ पूर्वीची नाही. अमेरिकेतील झिल्जियनवर शाईने मोठ्या अक्षरांत नाव छापण्याची प्रथा १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली, आणि १९९४ पासून लेसर किरणांनी कोरलेला क्रमांक येऊ लागला. स्वित्झर्लंडच्या पाइस्ते कंपनीच्या १९७० च्या दशकापासूनच्या क्रमांकातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक दाखवितो. मात्र ५ हा अंक १९७५ चाही असेल, १९८५ चाही, म्हणून दशक अन्य खुणांवरून ठरवावे लागते.

आता समजा, एका झांजेवर अमेरिकेचा ठसा आहे, शाईच्या नावाचे पुसट अवशेष आहेत आणि लेसरचा क्रमांक नाही. मग ती साधारणपणे १९७० च्या दशकाची अखेर आणि १९९४ यांच्या दरम्यानची. ‘आजोबा १९५० मध्ये हीच वाजवीत’ ही घरातील कथा तेथे टिकत नाही. पण तिच्या जागी दुसरी, अधिक खरी कथा उभी राहते: आजोबांनी उतारवयातही नवे वाद्य घेतले होते; त्यांचे वादन थांबले नव्हते. असा निष्कर्ष घराला काही कमी मोलाचा नाही.

घासण्यास आमचा विरोध का, हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. चिंचेने वा पॉलिशने शाईचे नाव प्रथम जाते. मग ‘शाई नाही, म्हणजे झांज जुनी’ असा खोटा निष्कर्ष निघतो. यंत्रावर घासली तर लेथवरच्या बारीक वर्तुळाकार खाचा आणि दाबून उमटविलेला ठसा हेही झिजतात. हातोडीचे ठोके अनियमित दिसले तर हातकामाची शक्यता धरावी. पण हातकाम आजही तुर्कस्तानात चालते, म्हणून केवळ ठोक्यांवर विसंबू नये.

करावयाचे ते इतकेच. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी. झांज खिडकीशी तिरक्या उजेडात धरून ठसा शोधावा. पुसट असेल तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी, अक्षरे उमटतात. व्यास इंचांत आणि वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवावे. वादकाचे नाव, त्याने ती कोठे वाजविली, कोणाकडून घेतली, ही माहिती घरातील वृद्ध हयात आहेत तोवरच विचारून त्याच कागदावर नोंदवावी. ठसा सांगतो तो कारखाना आणि काळ. माणूस मात्र घरच्यांनाच सांगावा लागतो. तो कागद झांजेबरोबरच ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीस ती मोडीत घालण्याची बुद्धी होणार नाही.