दोष कंपायलरचा की आपला?
फाइल वाचणारा सी प्रोग्राम इंटेलवर नीट चालतो, एआरएमवर मात्र थांबायचं नाव घेत नाही, की लगेच कंपायलरवर खापर फुटतं. बहुतेकदा दोषी एकच ओळ असते: गेटसी या फंक्शनने दिलेली किंमत इंटऐवजी कॅर प्रकारात साठवलेली. एआरएमच्या लिनक्सवर कॅरमध्ये ऋण आकडा मावत नाही. फाइल संपल्याची खूण म्हणून येणाऱ्या उणे एकचे २५५ होतात आणि ती खूण कधीच जुळत नाही. इंटेलवर उलट, २५५ किमतीचा खरा बाइट आला की तोच उणे एक ठरतो आणि वाचन अर्ध्यावरच तुटतं, आणि हे जास्त घातक, कारण ते वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. कंपायलरही चुकतात, यूटा विद्यापीठाच्या सीस्मिथ या चाचणी-साधनाने २०११पर्यंत त्यांतल्या सव्वातीनशे चुका उघड केल्या. तरी आधी सगळ्या वॉर्निंग वाचा, दुसरा कंपायलर लावून पाहा, कोड छाटून दहा-वीस ओळींवर आणा, मगच तक्रार नोंदवा.