तंत्र आपल्या घरचं : आय-७ मोठा की आय-५?



संक्रांतीला बेल्याला अक्काकडे गेलो होतो. हातावर तिळगूळ पडायच्या आधीच भाचीने फोन पुढे केला. "मामा, यातला कोणता घेऊ? तुम्हीच सांगा." आदिलाबादच्या एका दुकानदाराने तिला दोन जुन्या लॅपटॉपचे फोटो पाठवले होते. किंमत जवळपास सारखीच. एकावर आय-७ चं स्टिकर, दुसऱ्यावर आय-५ चं.

पोरगी पॉलिटेक्निकला, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर मैत्रिणीचा लॅपटॉप मागून प्रोग्राम लिहायची. पैसे कापसाचे. म्हणजे एकदाच मिळणार, चुकलं तर पुढचा हंगाम येईपर्यंत वाट बघा. दाजींनी तर निकाल देऊनच टाकला होता : "सात पाचापेक्षा मोठा. आय-७ घे."

मला हसू आलं नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच हिशेबाने याच जातीचा आय-७ घेतला होता, आणि गावभर सांगतही फिरलो होतो. म्हणून या वेळचा लेख त्या दोन स्टिकरांवर.

नावातला खरा आकडा

आय-३, आय-५, आय-७ ही त्या-त्या वर्षीच्या मालाची प्रतवारी. एकाच पिढीत आय-७ वरचा, हे खरं. पण पिढी बदलली की हिशेब बदलतो. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. भाचीच्या फोटोतला आय-७ होता ७५००यू, म्हणजे सातवी पिढी. आय-५ होता ८२५०यू, म्हणजे आठवी. शेवटचा 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठी बनवलेला.

पहिला बाजारात आला ऑगस्ट २०१६ मध्ये. त्याच वर्षी दसऱ्याला आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आठवत असेल. दुसरा आला बरोबर वर्षाने, ऑगस्ट २०१७ मध्ये. आता दोघांची कुंडली बघा :

- आय-७ ७५००यू : २ कोअर, ४ थ्रेड. मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ३.५. कॅश ४ एमबी. १५ वॅट.
- आय-५ ८२५०यू : ४ कोअर, ८ थ्रेड. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ३.४. कॅश ६ एमबी. १५ वॅट.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा गडी. 'मोठ्या' आय-७ मध्ये गडी दोन, 'लहान' आय-५ मध्ये चार. आणि दोघांचा वॅटचा आकडा एकच!

तेवढ्याच विजेत जास्त काम कसं?

दाजींनी नेमकं बोट ठेवलं. "अहो, १.६ म्हणजे तो हळूच की! आणि चार गडी तेवढ्याच मजुरीत कसे येतील?"

मी म्हटलं, दाजी, तुमच्याच शेतातलं बघा. दोन बायांना पळत-पळत कापूस वेचायला लावलं तर काम होतं, पण दम लागतो. चार जणी बेताच्या चालीने वेचतात, दुपारपर्यंत वावर मोकळं करतात आणि थकतही नाहीत. प्रोसेसरचंही तसंच. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर वीज चौपट लागते. म्हणून दोन कोअर जोरात पळवण्यापेक्षा चार कोअर बेताने चालवणं स्वस्त पडतं. तो १.६ चा आकडा चारही कोअर कामाला लागले असतानाचा मूळ वेग आहे. काम एकट्या कोअरचं असेल तर तोही ३.४ पर्यंत उडी मारतो.

आता दुसरी बाजू. नुसतं टायपिंग करायचं असेल, एखादं पान वाचायचं असेल, तर या दोघांत फरक जाणवणारही नाही. ऑनलाइन तास चालू, ब्राउझरची दहा पानं उघडी आणि त्यातच प्रोग्राम चालवायचा, अशा वेळी चार कोअर कामाला येतात. भाचीचं काम नेमकं असंच.

वीजबिलाची मात्र काळजी नको. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, त्यापुढे हे १५ वॅट काय! खरा प्रश्न उष्णतेचा. पूर्ण भार आला की आठव्या पिढीचा प्रोसेसर थोडा वेळ १५ वॅटच्या वरही जातो. तापला की स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, आणि जुना घेतला तर आधी पंख्यातली धूळ साफ करून घ्या.

जिथे निकाल लागला

एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत ८२५०यू आहे, ७५००यू नाही. म्हणजे माझा तोच मिरवलेला आय-७ आता यादीबाहेर. त्याच्यावर मी लिनक्स टाकलं आणि तो घरी वापरतो. चालतो छान, पण कॉलेजच्या पोरीने घ्यावा असा तो राहिला नाही.

आम्ही आय-५ ठरवला, पण दुकानात तीन गोष्टी बघूनच पैसे दिले. एक, रॅम ८ जीबी आहे ना. दोन, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे ना. हार्ड डिस्क असेल तर चार कोअरही वाट बघत बसतात. तीन, विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच किंमत बोला. प्रोसेसर कितीही काटकसरी असला तरी मेलेली बॅटरी तास काढू देत नाही.

परतताना दाजी गाडीत गप्प होते. बेला जवळ आल्यावर म्हणाले, "म्हणजे बियाण्यासारखंच हो हे. पाकिटावरचं चित्र नाही, मागचं बारीक अक्षर वाचायचं."

याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. तुमच्या घरी जुना लॅपटॉप घ्यायचा बेत असेल, तर स्टिकर बघून ठरवू नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, मग बोलू.

तिळगूळ घ्या, गोड बोला. भेटू पुढच्या अंकात!