रंगविवेक कोण शिकवणार?

चित्रकथेचे रंगकाम आता संगणकावर होते, तेव्हा त्यात शिकण्याजोगे फारसे काही उरलेले नाही, असा एक समज आपल्या समाजात दृढ होत चालला आहे. देवस्थानाच्या उत्सवानिमित्त मुलांसाठी एखादी सचित्र पुस्तिका काढावयाचे ठरले की कथा कोणी लिहावी यावर चर्चा होते, छपाईचा खर्च कोणी उचलावा यावर तर दोन दोन सभा होतात. रंगांचा विषय मात्र 'ते संगणकवाला करून देईल' या एका वाक्यात निकालात निघतो. हे वाक्य आम्हांस मान्य नाही. कलेच्या दृष्टीने ते खोटे आहे, मुलांच्या दृष्टीने अन्यायाचे आहे, आणि ज्या तरुणांचे पोट या विद्येवर चालू शकेल त्यांच्या दृष्टीने तर ते घातक आहे.

हे आम्ही विशेषेकरून सुरतेच्या पांडेसरा भागाकडे पाहून लिहीत आहोत. सुरतेच्या दक्षिणेस, उधन्याला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली सहस्रावधी मराठी कुटुंबे या भागात आणि त्याच्या आसपास वसली. तेथील कित्येक तरुण आज गिरणीच्या भट्टीजवळ नसून संगणकासमोर बसलेले असतात. साडीची नक्षी रेखणे, तिचे रंग वेगळे करणे आणि एकाच नक्षीचे चार-पाच रंगमेळ, ज्यांस तेथील बाजारात 'मॅचिंग' म्हणतात, ते तयार करणे हे त्यांचे रोजचे काम. चित्रकथेच्या रंगकामास जे शिक्षण लागते त्याचा अर्धा भाग या तरुणांच्या हाती आधीच आहे. पण ही गोष्ट त्यांस कोणी सांगत नाही, आणि आपल्या संस्थांसही ती ठाऊक नाही.

स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगास स्वतंत्र स्क्रीन लागते. आठ रंगांची नक्षी म्हणजे आठ स्क्रीन, आणि नववा रंग म्हणजे वाढीव खर्च. म्हणून जुना नक्षीकार रंग वाढविण्यापूर्वी दहादा विचार करी. हिरव्या पानाचीच छटा देठाला चालेल काय, जमिनीचा रंग फुलाच्या गाभ्यात पुन्हा वापरता येईल काय, असे प्रश्न तो स्वतःस विचारी. ही काटकसर पैशाची होती खरी. परंतु तिच्यातून जो डोळा घडला तो कलावंताचा होता. आता संगणकाच्या आज्ञेने कापडावर थेट शाई उडविणारी यंत्रे आली. त्यांस स्क्रीन लागत नाही, आणि रंगांच्या संख्येस मर्यादाही नाही. खर्चाचा लगाम सुटला, आणि त्याच्याबरोबर विवेकाचाही सुटला.

चित्रकथेच्या इतिहासातही हेच घडलेले आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथे देवदेवतांची चित्रे दगडावरून छापीत, आणि प्रत्येक रंगासाठी दगड वेगळा असे. मूळ चित्र पाहून कोणत्या दगडावर किती रंग घ्यावयाचा हे ठरविणारे कारागीर अनामिक राहिले, पण आपल्या आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी-सरस्वती त्यांच्याच नजरेतून उतरल्या. पुढे १९६७ साली कार्कळचे सुपुत्र, आपल्या कोकणी समाजाचे भूषण अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली. राम वाईरकर यांनी चितारलेला 'कृष्ण' हा तिच्यातील पहिला भारतीय विषय. आरंभीचे अंक पैशाच्या अडचणीमुळे पिवळा, निळा व हिरवा अशा मोजक्या रंगांतच छापले जात. तरीही त्या अंकांनी एका पिढीच्या मनात रामकृष्णांची रूपे कायमची ठसविली. अमेरिकेतील जुन्या चित्रकथांचे गणितही असेच होते. तीन शाया, प्रत्येकीच्या तीन पायऱ्या आणि चौथी शाईविरहित अवस्था. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. एवढ्यांत साऱ्या कथा रंगत. आज संगणक सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख रंग देऊ करतो. त्या प्रमाणात आपली चित्रे सुंदर झाली आहेत, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

तर मग शिकावयाचे काय? आमचे म्हणणे असे की, प्रथम उजेड-अंधाराचे तोलमाप शिकावे आणि रंग मागाहून. ज्याला हे पुस्तकी वाटेल त्याने देवळात जाऊन गाभाऱ्याकडे पाहावे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीस पुजारी पिवळा पीतांबर नेसवतो, पांढऱ्या फुलांचा हार घालतो, आणि समईच्या मंद प्रकाशातही मागच्या रांगेतील भाविकास देव स्पष्ट दिसतो. काळ्यावर जांभळे वस्त्र व गर्द फुले घातली असती तर तेवढ्याच उजेडात काही दिसले नसते. चित्रकथेच्या चौकटीचा नियमही हाच. रंगविलेले चित्र संगणकावर क्षणभर करड्या छटांत पालटून पाहावे; त्यात मुख्य पात्र मागच्या भिंतीपासून वेगळे उठून दिसत नसेल, तर कितीही झगझगीत रंग घातले तरी चौकट फसलेलीच आहे.

दुसरी गोष्ट सपाट रंगांची. प्रत्येक वस्तूस आधी एकेक सपाट, कडा धारदार असलेला रंग द्यावा, आणि तो रेषेच्या थराखाली वेगळ्या थरावर ठेवावा. कडा धूसर ठेवल्या तर पुढे तोच भाग पुन्हा निवडताना काठाशी पांढुरकी किनार राहते. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु रंग वेगळे करण्याची सवय ज्यास पांडेसऱ्यात लागली त्याला ते परके वाटणार नाही. तिसरी गोष्ट प्रकाशाची दिशा. सूर्य डावीकडे असेल तर साऱ्या पानभर सावल्या उजवीकडेच पडल्या पाहिजेत. आजच्या पुष्कळ पुस्तिकांत प्रत्येक गालावर, प्रत्येक दागिन्यावर आणि प्रत्येक ढगावर सारखीच चकाकी फासलेली असते. तिने ना आकार कळतो, ना प्रहर. प्रसंग बदलला की रंगमेळ बदलावा, म्हणजे गोकुळातील सकाळ आणि कंसाच्या कारागृहातील मध्यरात्र यांतला फरक मुलाला अक्षर वाचण्यापूर्वीच कळतो.

चौथी गोष्ट छपाईची. येथे अज्ञानाचा दंड रोख भरावा लागतो. पडद्यावरचा रंग हा लाल, हिरवा व निळा अशा उजेडाचा बनलेला असतो. कागदावरचा रंग निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांचा. पडद्यावर जो मेघश्याम कृष्ण मोहक दिसतो तोच छापून आल्यावर वांग्यासारखा जांभळा होतो, कारण निळसर शाईत किरमिजीचे प्रमाण फार जवळचे पडते. किरमिजी निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावी, हा छापखान्यांतला साधा नियम ज्यास ठाऊक आहे त्याचा कृष्ण निळाच राहतो. काळ्या रेषा व अक्षरे केवळ काळ्या शाईतच ठेवावीत, म्हणजे चार शायांचे ठसे किंचित सरकले तरी अक्षरास रंगीत छाया पडत नाही. ही रहस्ये नव्हेत. पण तीन महिन्यांत 'संगणक कलावंत' बनवून देऊ म्हणणारे वर्ग कळांची नावे पाठ करून घेतात आणि ही गोष्ट शिकवीत नाहीत. बापाने दोन पाळ्यांत राबून भरलेले शुल्क तेथे जाते, व मुलगा हाती प्रमाणपत्र घेऊन पुन्हा गिरणीच्या दाराशी उभा राहतो.

मुलांना भडकच आवडते, असे यावर कोणी म्हणेल. मुलांस गोडही आवडते. म्हणून त्यांस दोन्ही वेळा साखरच वाढावी काय? आणखी कोणी म्हणेल की आता यंत्रास चार शब्द सांगितले की ते रंगांसह चित्र स्वतःच काढून देते, मग माणूस हवाच कशाला? अशी चित्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांत बासरीवर सहा बोटे असतात, शंख कोणत्या हाती व चक्र कोणत्या हाती याची दाद नसते, आणि पहिल्या चौकटीत पिवळा असलेला पीतांबर तिसऱ्या चौकटीत केशरी झालेला असतो. यंत्र उद्या सुधारेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याने दिलेल्यातले योग्य काय व अयोग्य काय हे सांगण्यास जो डोळा लागतो, तो आज घडविला नाही तर उद्या यंत्राची चूक तरी कोण ओळखणार? जो समाज आपल्या आराध्याचे ध्यान श्लोकात अक्षरशः जपतो, त्याने तेच ध्यान चित्रात कसेही चालवून घ्यावे, ही विसंगती आम्हांस असह्य वाटते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. देवस्थानांनी व समाजसंस्थांनी सचित्र पुस्तिका काढताना रंगकामाचे मानधन छपाईच्या रकमेत न गुंडाळता वेगळे धरावे. चित्रकाराबरोबर रंगकाराचेही नाव छापावे. हजार प्रती काढण्यापूर्वी एक नमुनाप्रत कागदावर काढून ती रंगकाराच्या हाती द्यावी. सुरतेतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांच्या मंडपखर्चातून थोडे बाजूस काढून पांडेसरा-उधन्याच्या नक्षीकार तरुणांसाठी रविवारचा वर्ग चालवावा. तेथे पहिला महिना संगणकास हातही लावू देऊ नये. पेन्सिल, करड्या छटा आणि तीन रंगांच्या बाटल्या एवढ्यावरच काम करून घ्यावे. मग त्यांच्यासमोर यंत्र ठेवावे. आणि जे पहिले पुस्तक या तरुणांच्या हातून रंगून निघेल ते आपल्या देवळाच्या पायरीवर विकावयास ठेवण्याची जबाबदारी, वाचकहो, तुमची आहे.