मंदीत दुकान थाटावं का?

मंदीची कुणकुण लागली की एक आकडा हमखास बाहेर येतो. अमेरिकेतल्या कॉफमन फाउंडेशनने २००९ साली सांगितलं होतं, की तिथल्या ‘फॉर्च्युन ५००’ यादीतल्या निम्म्याहून अधिक कंपन्या मंदीत किंवा पडत्या शेअर बाजारात जन्मल्या. झालं! तेवढ्या भांडवलावर व्याख्याते तरुणांना राजीनामे लिहायला सांगून मोकळे होतात. त्याच काळात सुरू होऊन बुडालेल्यांची यादी कोणी काढत नाही. काढली तर व्याख्यानाला कोण येणार?

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. साल १९३१. जगभर महामंदी, शेतमालाचे भाव कोसळलेले. त्याच वर्षी गिरगावात दांडेकर बंधूंनी ‘दांडेकर अँड कंपनी’ काढली आणि ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड नि वड्या विकायला सुरुवात केली. तीच पुढे कॅम्लिन झाली. मंदीवर मात केल्याची गोष्ट म्हणून ती सांगता येईल, पण मला तिच्यात वेगळंच दिसतं. सविनय कायदेभंगाचे दिवस होते, परदेशी मालावर बहिष्कार चालू होता. शाई तर शाळेत, कचेरीत, पेढीवर रोज लागणारी. मंदी आली म्हणून परीक्षा थांबत नाहीत. गिऱ्हाईक तयार होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना विलायती शाई नको होती, आणि पूड-वड्यांसाठी गिरणीएवढा पसारा मांडावा लागत नाही.

साखरेचंही तेच. तोवर इथे जावाची साखर धो धो येत होती. १९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि बाकी धंदे बसलेले असताना देशातले साखर कारखाने पाच-सहा वर्षांत तिसाच्या आसपास होते ते शंभरावर गेले. वालचंद हिराचंद यांचा रावळगावचा कारखाना त्याच लाटेतला. त्याचं श्रेय मंदीला द्यायचं की जकातीला, हे उघड आहे.

तेव्हा मंदी आहे की तेजी, हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. आपल्या गिऱ्हाइकाचा पैसा आटलाय की फक्त दुसरीकडे वळलाय, ते आधी बघावं. नवी गाडी घेणं लांबणीवर टाकणारा माणूस जुनी दुरुस्त करून घेतो. शोरूम ओस पडतं तेव्हा गॅरेजवाल्याला उसंत नसते.

पैसा आटला की काय होतं, ते गिरणगावाने पाहिलंय. १९८२च्या संपानंतर कित्येक गिरणी कामगारांनी वडापावच्या गाड्या लावल्या, भाजी विकली. त्याला कोणी उद्योजकता म्हणू लागलं की मला राग येतो. पोटासाठी केलेली ती धडपड होती. ज्या वस्तीचा पगारच थांबलाय, तिथे गल्ला भरणार किती?

मंदीचे फायदे खोटे नाहीत. गाळ्याच्या भाड्यात घासाघीस करता येते, जुनी लेथ स्वस्तात मिळते, एरवी हाती न लागणारा कारागीर स्वतःहून चौकशीला येतो. पण मंदी मारते ती उधारीतून. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला, मोठ्या कारखान्यांनी काही काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, आणि त्याची झळ भोसरी-चाकणच्या छोट्या पुरवठादारांपर्यंत पोचली. अशा वेळी ऑर्डर कमी होते आणि आधीच्या मालाचं बिलही लटकतं. कच्च्या मालाचे पैसे मात्र चुकवावेच लागतात. वहीत नफा दिसत असताना बंद पडणारे धंदे असेच बंद पडतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. मंदीत धंदा काढायचा तर रोज लागणाऱ्या वस्तूचा आणि शक्यतो रोखीचा काढा. पीएफला हात लावू नका, राहतं घर तारण ठेवू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर आधी नोकरीच शोधा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि कंपन्यांना माल पुरवणार असाल तर उद्यम नोंदणी पहिल्याच आठवड्यात करून टाका. ती फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आहे, आणि आता मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. नोंदणी नसेल तर यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही.